‘सामाजिक अंतर’ : एका संज्ञेची व एका उपायाची चिकित्सा (खानदेशच्या अनुभवाच्या संदर्भात)

१

श्वसनमार्गाने पसरणाऱ्या विषाणुजन्य रोगावर लस वा खात्रीचे औषध हाती नसेल, तर माणसाने माणसापासून दूर राहणे हाच समाजाजवळचा पहिला उपाय ठरतो. २०२० साली कोविडच्या साथीत हा उपाय जगभर ज्या प्रमाणावर योजला गेला, त्याला इतिहासात तोड नाही. त्या अनुभवाविषयी लिहिले गेलेही पुष्कळ आहे. तथापि आपल्याकडील बऱ्याचशा लिखाणात दोन टोके आढळतात. एका पक्षाच्या मते अंतर पाळले नाही म्हणून साथ पसरली. दुसऱ्या पक्षाच्या मते साथ पसरायची तेवढी पसरलीच, तेव्हा अंतराचा सारा खटाटोप व्यर्थ होता. दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात. ती ही की, ‘अंतर’ म्हणजे सर्व स्थळी व सर्व लोकांना सारख्याच मापाने लागू होणारा एकच उपाय होय. हे गृहीतच तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तपासणीसाठी जळगाव व धुळे या जिल्ह्यांचा, म्हणजे जुन्या पूर्व व पश्चिम खानदेशचा, अनुभव समोर ठेवला आहे. कारण मोठ्या शहरांवरून बांधलेले सिद्धांत जिल्ह्याच्या पातळीवर कितपत टिकतात, हे पाहिल्यावाचून त्यांना सिद्धांत म्हणणे घाईचे होईल.

२

प्रथम संज्ञेचा विचार करू. ‘सामाजिक अंतर’ ही संज्ञा वैद्यकाने घडविलेली नव्हे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पार्क व बोगार्डस यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ती रूढ केली. एका समूहाचा मनुष्य दुसऱ्या समूहाच्या मनुष्यास शेजारी, सहकारी वा आप्त म्हणून कितपत जवळ येऊ देतो, हे मोजण्यासाठी बोगार्डसने १९२५ साली एक मापनश्रेणीही मांडली. म्हणजे मुळात ही संज्ञा एका सामाजिक दोषाचे नाव होती. साथरोगशास्त्राने तीच पुढे एका उपायास दिली आणि मराठीत तिचे शब्दशः भाषांतर झाले.

युरोप-अमेरिकेत या अर्थांतराने फारसे बिघडले नसेल. ज्या समाजात शिवाशिवीचे शास्त्र शतकानुशतके चालले, गावकुसाबाहेर वस्त्या राहिल्या, पाणवठे वेगळे ठेवले गेले आणि जेथे अस्पृश्यता नष्ट करण्यासाठी राज्यघटनेत सतरावे कलम घालावे लागले, त्या समाजात मात्र ‘सामाजिक अंतर पाळा’ हा आदेश निरुपद्रवी राहू शकत नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून राहिलेल्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, ते सामाजिक अंतर मोडावे यासाठीच. २०२० च्या एप्रिलमध्ये त्याच अमळनेरात कोविडचे रुग्ण झपाट्याने वाढले आणि ‘सामाजिक अंतर’ पाळण्याच्या सूचना घुमू लागल्या. शब्द तोच असला तरी आशय अगदी उलटा होता.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ असा शब्दप्रयोग पसंत केल्याचे सांगितले होते. मराठीतही ‘सुरक्षित अंतर’ हा सुबोध पर्याय होता व तो काही ठिकाणी वापरलाही गेला. पण रूढ झाली ती पहिलीच संज्ञा. हा केवळ शब्दांचा वाद आहे असे मानणे चूक ठरेल. ‘शारीरिक अंतर’ म्हटले की प्रश्न हात-दोन हातांचा राहतो व तो सर्वांना सारखा लागू होतो. ‘सामाजिक अंतर’ म्हटले की ‘कोणापासून’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि त्याचे उत्तर देण्यास जुनी सवय तत्पर असते. रुग्णाच्या घराकडे, विशिष्ट मोहल्ल्याकडे, परगावाहून परतलेल्या मजुराकडे बोट दाखविले जाते. बोट दाखविले जाईल या भयाने रोगी लक्षणे लपवितो. रोग लपविला गेला की अंतराचा मूळ हेतूच विफल होतो. संज्ञेचा दोष अशा रीतीने उपायाच्या परिणामात उतरतो.

३

आता उपायाच्या शास्त्रीय बैठकीकडे वळू. एका रुग्णापासून सरासरी किती जणांस लागण होते, हे तीन गोष्टींवर ठरते : त्याचा दररोज किती जणांशी संपर्क येतो, प्रत्येक संपर्कात लागण होण्याचा संभव किती, आणि तो किती दिवस संसर्गक्षम राहतो. अंतराचा उपाय यांपैकी पहिल्या दोन गोष्टींवर चालतो. समजा, एका रुग्णापासून सरासरी अडीच जणांस लागण होते. संपर्क शेकडा साठ कमी केल्यास ही सरासरी एकावर येते. त्याहून अधिक कमी केल्यास साथ ओसरू लागते. शेकडा चाळीसच कमी केल्यास सरासरी दीड राहते, म्हणजे साथ मंदावते पण थांबत नाही. ‘अंतर पाळूनही साथ पसरली, म्हणून अंतर व्यर्थ’ हा युक्तिवाद येथेच कोसळतो. मंद झालेली साथही पसरतच असते, परंतु रुग्णालयातील खाटा व प्राणवायू पुरण्याच्या दृष्टीने मंद साथ व वेगवान साथ यांत जीवन-मरणाचा फरक असतो.

या गणिताचा एक धागा आपल्या प्रांताशी जोडलेला आहे. कर्मॅक व मॅकेन्ड्रिक यांनी १९२७ साली साथीच्या प्रसाराचे जे प्रसिद्ध गणिती प्रतिरूप मांडले, त्याची पडताळणी त्यांनी मुंबई बेटावरील १९०५–०६ च्या प्लेगमृत्यूंच्या साप्ताहिक आकड्यांवर केली होती. मॅकेन्ड्रिक हे स्वतः भारतीय वैद्यकीय सेवेत राहिलेले होते. काढलेली वक्ररेषा आकड्यांशी चांगली जुळली, आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांतून ती आजही छापली जाते. परंतु प्लेग हा प्रामुख्याने उंदीर व पिसू यांच्याद्वारे पसरणारा, ऋतुमानाशी बांधलेला रोग होय. माणसामाणसांच्या संपर्काचे गणित त्यास लावणे मुळातच सदोष होते, असे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. रेषा आकड्यांशी जुळली म्हणून कारण सापडले असे होत नाही, हा धडा अंतराच्या परिणामांची चर्चा करणाऱ्याने सतत ध्यानी ठेवावयास हवा.

हाच धडा खानदेशातील लोकस्मृतीसही लागू पडतो. प्लेगच्या दिवसांत उंदीर पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालून राहावयाचे, ही रीत महाराष्ट्रभर होती. २०२० मध्ये अनेकांनी तिचा दाखला देऊन ‘आपल्या पूर्वजांनी अंतराचा उपाय ओळखला होता’ असे म्हटले. पण त्या उपायाचे यश होते ते घरातील उंदीर-पिसवांपासून दूर जाण्यात, शेजाऱ्यापासून दूर जाण्यात नव्हे. कोविडमध्ये तर नेमके उलट घडले : लोकांना घराबाहेर न काढता घरातच कोंडावे लागले. दोन रोगांत बाह्यतः सारखा दिसणारा उपाय दोन भिन्न यंत्रणांवर आघात करीत असतो, हे न ओळखता परंपरेचा आधार घेणे म्हणजे शास्त्राची दिशाभूल होय.

४

अंतराने श्वसनरोगांचा प्रसार कमी होतो याचे पुरावे तीन प्रकारचे आहेत आणि तिन्ही सारख्या वजनाचे नाहीत.

पहिला पुरावा ऐतिहासिक. १९१८ च्या इन्फ्ल्युएन्झात फिलाडेल्फिया शहराने २८ सप्टेंबर रोजी प्रचंड मिरवणूक होऊ दिली व निर्बंध नंतर लावले. सेंट लुइसने शाळा, नाटकगृहे व सभा तुलनेने लवकर बंद केल्या. साथीच्या ऐन भरात दर लाख वस्तीमागे आठवड्यास होणारे अतिरिक्त मृत्यू फिलाडेल्फियात २५७ व सेंट लुइसमध्ये ३१ होते, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात दिसून आले. मात्र निर्बंध उठताच पुन्हा लाट आल्याची उदाहरणेही त्याच अभ्यासांत आहेत. अंतराने मिळतो तो अवधी. त्या अवधीचा विनियोग कसा होतो यावर पुढचे अवलंबून राहते.

त्याच वर्षी आपल्याकडे काय झाले? जून १९१८ मध्ये रोग मुंबईत दिसला. सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये तो उग्र रूपात परतला आणि ६ ऑक्टोबर रोजी एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. लोक अन्नाच्या व कामाच्या शोधात हिंडत होते आणि रेल्वे रोगास गावोगाव नेत होती. हिंदुस्थानातील बळींचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्या आसपास जातात, आणि १९११–२१ हे देशाची लोकसंख्या घटलेले एकमेव दशक ठरले. उपाशी मनुष्यास ‘दूर राहा’ हा उपदेश निरुपयोगी असतो, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

दुसरा पुरावा निरीक्षणात्मक. १६ देशांतील १७२ निरीक्षणात्मक अभ्यासांचे एक संकलन जून २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. एक मीटर वा अधिक अंतराने लागणीचा संभव बराच घटतो व अंतर वाढल्यास संरक्षणही वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. परंतु यातील पुष्कळ अभ्यास रुग्णालयांतील होते व यादृच्छिक प्रयोग त्यांत एकही नव्हता. जो मनुष्य अंतर पाळतो तो मुखपट्टीही वापरतो व हातही धुतो. तेव्हा श्रेय कोणत्या उपायास किती, हे वेगळे काढणे सोपे नाही.

तिसरा पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो, कारण तो कोणी शोधावयास निघाले नव्हते. २०२०–२१ च्या हंगामात जगातील नेहमीचा इन्फ्ल्युएन्झा जवळजवळ नाहीसा झाला. त्याची ‘बी–यामागाटा’ ही शाखा तर मार्च २०२० नंतर निश्चितपणे आढळलेलीच नाही. कोविडचा विषाणू त्याच निर्बंधांतून वाट काढत राहिला, पण कमी संसर्गक्षम असलेला इन्फ्ल्युएन्झा त्यांपुढे टिकू शकला नाही. यावरून उपायाची शक्ती आणि मर्यादा एकाच वेळी कळून येतात : उपाय तोच असला तरी तो पुरेसा आहे की नाही, हे समोरच्या विषाणूच्या संसर्गक्षमतेवर ठरते. निर्बंध शिथिल झाल्यावर लहान मुलांमधील काही श्वसनरोग अवेळी व जोराने परतले, हीही त्याच पुराव्याची दुसरी बाजू होय.

५

खानदेशचा अनुभव या पार्श्वभूमीवर पाहावयाचा आहे. २४ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली व ती क्रमाने ३१ मेपर्यंत वाढली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने रक्तातील प्रतिद्रव्यांच्या पाहणीसाठी निवडलेल्या ७० जिल्ह्यांत जळगाव होता, ही या भागाच्या अभ्यासकास लाभलेली मोठीच अनुकूलता. मे–जूनमधील पहिल्या फेरीत येथे लागण होऊन गेलेल्यांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी आढळले. ऑगस्ट–सप्टेंबरच्या दुसऱ्या फेरीत देशाचे प्रमाण शेकडा सुमारे साडेसहा असताना जळगावात ते चतुर्थांशाच्या घरात गेले. प्रत्येक जिल्ह्यात दहा ठिकाणे व दर ठिकाणी सुमारे चाळीस माणसे, एवढाच नमुना होता. तेव्हा आकड्याच्या सूक्ष्मतेवर भिस्त ठेवणे योग्य नाही. पण फरकाची दिशा व त्याचा विस्तार इतका स्पष्ट आहे की त्यास केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

याचा एक सरळ अर्थ असा की, टाळेबंदीने खानदेशात प्रसार रोखून धरला होता व तो उठल्यावर विषाणू वेगाने पसरला. हा अर्थ बहुधा खरा आहे, पण पुरा नाही. कारण याच मे–जूनमध्ये जळगावातील नोंदलेल्या रुग्णांमागे मृत्यूचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या कित्येक पट होते. लागण कमी आणि मृत्यू मात्र फार, हे कसे? प्रारंभी नमुने तपासणीसाठी जिल्ह्याबाहेर पाठवावे लागत, आणि रोगी उशिरा, श्वास लागल्यावरच, रुग्णालयात येत. ज्यांची लागण सौम्य होती ते मोजलेच गेले नाहीत. म्हणजे छेद लहान राहिला आणि अंश मोठा दिसला. परंतु हे सर्व मान्य केल्यावरही एक प्रश्न उरतो : रोगी उशिरा का आले? वाहने बंद, पोलिसांचा धाक, अलगीकरणाचे भय आणि रोग्यास लागणारा डाग ही कारणे अंतराच्या उपायापासून वेगळी काढता येत नाहीत. प्रसार रोखणारा निर्बंधच उपचारापर्यंतची वाट लांबवू शकतो, ही गोष्ट आपल्या चर्चेत पुरेशी आलेली नाही.

जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयात बेपत्ता ठरविलेल्या एका वृद्ध रुग्णेचा मृतदेह प्रसाधनगृहात कित्येक दिवसांनी सापडला, आणि साऱ्या महाराष्ट्रात खळबळ उडाली. त्या घटनेची प्रशासकीय मीमांसा येथे करावयाची नाही. मात्र संकल्पनेच्या दृष्टीने ती बोधप्रद आहे. रोग्यापासून अंतर ठेवणे व रोग्यास अंतर देणे, यांत मराठी भाषा स्पष्ट भेद करते. ‘अंतर देणे’ म्हणजे टाकून देणे. नातलगास रोग्याजवळ थांबू द्यावयाचे नाही असा नियम करताना त्याची जागा घेणारी शुश्रूषेची व्यवस्था उभी केली नाही, तर पहिल्या अर्थाचे अंतर दुसऱ्या अर्थात सहज परिणत होते.

६

टाळेबंदी उठल्यावर येथे प्रसार इतका वेगाने का झाला असावा, याचे एक संभाव्य उत्तर कुटुंबाच्या आकारात शोधता येते. टाळेबंदीत संपर्क तुटतात ते घराबाहेरचे, घरातले नव्हेत. म्हणून संसर्गाचे एकक व्यक्ती न मानता घर मानून गणित मांडून पाहू. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. चार माणसांच्या घरात लागण शिरली व दोघे आजारी पडले, आणि प्रत्येक आजारी मनुष्य सरासरी अर्ध्या नव्या घरास लागण देतो असे धरले, तर एका घरामागे एक नवे घर बाधित होते व साथ वाढत नाही. आता बारा माणसांच्या एकत्र कुटुंबात सहा जण आजारी पडले, तर बाहेरचे अंतर तितकेच पाळले जात असूनही एका घरामागे तीन घरे बाधित होतात. तेथे साथ आवरावयाची तर प्रत्येकाने आपले बाहेरचे संपर्क आणखी एकतृतीयांशावर आणले पाहिजेत. एकाच नियमाने एका वस्तीत साथ थांबते आणि दुसऱ्या वस्तीत तिप्पट होत जाते. यात दुसऱ्या वस्तीच्या बेशिस्तीचा काही संबंध नाही. मुंबईत जुलै २०२० मध्ये तीन प्रभागांत झालेल्या पाहणीत झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के व इतरत्र सुमारे १६ टक्के लोकांत प्रतिद्रव्ये आढळली. शहर एक, हुकूमही एक, पण फळ असे भिन्न. ‘लोक ऐकत नाहीत’ या वाक्यावर ज्यांची साथमीमांसा संपते, त्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

दुसरी गोष्ट हवेची. प्रारंभी रोग मोठ्या तुषारांनी पसरतो व ते दीड-दोन मीटरांत खाली पडतात, या समजुतीवर अंतराचे माप ठरले. पुढे सूक्ष्म कण बंद जागेत दीर्घकाळ तरंगत राहतात हे अधिकाधिक स्पष्ट झाले, आणि एप्रिल २०२१ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या निवेदनात ते नमूद केले. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी गायनाच्या एका सरावास जमलेल्या ६१ जणांपैकी ५३ जण आजारी पडले होते. खिडक्या मिटलेल्या दिवाणखान्यातील भजनास हेच लागू आहे. खानदेशात या मुद्द्यास स्थानिक महत्त्व आहे. येथील जुनी धाब्याची घरे जाड भिंतींची व थोड्या झरोक्यांची. मे महिन्यात पारा ४४–४५ अंशांवर गेला की दुपारभर दारे लोटून सारे कुटुंब आत बसते, आणि रात्री धाब्यावर वा अंगणात निजते. दुपारच्या कोंडलेल्या खोलीत दोन हातांचे अंतर फार थोडे संरक्षण देते, तर रात्रीच्या मोकळ्या धाब्यावर तेवढेच अंतर पुष्कळ देते. फुटपट्टीने मोजलेले अंतर आणि वाऱ्याने मिळणारे अंतर हे दोन वेगळे आहेत, आणि नियम मात्र फुटपट्टीचेच झाले.

तिसरी गोष्ट रस्त्याची. मुंबई–आग्रा महामार्ग धुळे–शिरपूरवरून जातो आणि भुसावळ हे मध्य रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. स्थिर वस्ती गृहीत धरणारा अंतराचा सिद्धांत या भूगोलापुढे अपुरा पडतो. काम बुडालेल्या मजुरांचे तांडे एप्रिल–मे २०२० मध्ये याच महामार्गाने उत्तरेकडे चालत गेले. ८ मे रोजी पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे मालगाडीखाली जे सोळा मजूर मरण पावले, ते जालन्याहून भुसावळकडे, तेथून गाडी मिळेल या आशेने, निघाले होते. त्यांस घरात थांबा असे सांगितले गेले तेव्हा ‘घर’ हा शब्दच त्यांच्यापुरता शेकडो कोस दूर होता. त्याच सुमारास, २६ एप्रिलला, आखाजी आली व गेली. सासुरवाशिणी माहेरी आल्या नाहीत, झोके रिते राहिले. हा त्याग लोकांनी केला. तो केला नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

७

या विवेचनातून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे. अंतराने श्वसनमार्गी विषाणूंचा प्रसार मंदावतो, याविषयी शंका घेण्यास आता जागा नाही. परंतु ‘अंतर’ ही एक वस्तू नव्हे. ती घराचा आकार, हवेचा मार्ग, पोटाची सोय, विषाणूची संसर्गक्षमता व उपचारापर्यंतची वाट या पाच गोष्टींशी जोडलेली चलराशी आहे. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी ज्याच्या हाती नाहीत, त्याच्यावर अंतर न पाळल्याचा दोष ठेवणे शास्त्रीयही नव्हे व न्याय्यही नव्हे.

पदव्युत्तर अभ्यासकांना येथे करण्याजोगे काम पुष्कळ आहे. जळगाव, भुसावळ व अमळनेर येथे जुलै २०२० मध्ये पुन्हा लावलेल्या टाळेबंदीचा परिणाम प्रभागवार नोंदींवरून तपासता येईल. धुळ्यातील यंत्रमागांच्या वस्त्या आणि सातपुड्यातील पावरा व भिल्ल समाजांचे विखुरलेले पाडे यांची तुलना करता येईल. पाड्यांवर घरे मुळातच दूर दूर असतात, पण बाजार व दवाखानाही तितकाच दूर असतो. जन्म-मृत्यूच्या नोंदींतून अतिरिक्त मृत्यूंचा हिशेब मांडता येईल. अहिराणी बोलणाऱ्या स्त्रियांच्या तोंडून त्या दोन वर्षांची हकीकत लिहून घेता येईल, आणि हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. १९१८ च्या साथीत खानदेशाने काय सोसले, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. जे आहे ते जनगणनेच्या रकान्यांत आहे. पुढील साथीत अंतराचा नियम करणाऱ्यापुढे रकान्यांखेरीज आणखी काही असावे, एवढी तरतूद या पिढीच्या अभ्यासकांना करून ठेवता येईल.